जांघेचे दुखणे आणि आमचे खेळाडू



‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपणां सर्वांस परिचित आहे. आमच्या तरुण खेळाडूंची गत पुष्कळदा अशीच होते. कबड्डीत चढाईच्या वेळी पाय लांबवावा, खो-खोत पळताना एकाएकी हुलकावणी द्यावी, आणि मांडीच्या आतील अंगास कळ यावी. मुलगा संकोचामुळे घरी बोलत नाही. संघातील जागा जाईल म्हणून गुरुजींसही सांगत नाही. मग आठवड्याचे दुखणे वर्षाचे होऊन बसते.

हे दुखणे एकाच प्रकारचे नव्हे. २०१४ साली दोहा येथे जमलेल्या तज्ज्ञांनी त्याचे चार प्रमुख प्रकार मानले: मांड्या जवळ आणणाऱ्या स्नायूंचे, मांडी वर उचलणाऱ्या स्नायूंचे, अंतर्गळ होतो त्या भागाचे, आणि ओटीपोटाखालील हाडाच्या सांध्याचे. खुबाही कधी त्याचे मूळ असतो. म्हणून तपासणी आधी, उपचार मागून.

आरंभी काही दिवस विश्रांती व बर्फाचा शेक घ्यावा. जोराने रगडणे टाळावे. परंतु निव्वळ पडून राहिल्याने स्नायू बळकट होत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश प्रयोगात जुनाट दुखण्याचे ६८ खेळाडू दोन गटांत विभागले होते. ८ ते १२ आठवडे क्रमवार व्यायाम केलेल्यांपैकी २३ जण वेदनेवाचून पूर्ववत खेळू लागले. मालीश व यंत्रोपचार घेतलेल्यांपैकी अवघे ४.

व्यायामास खर्च नाही. प्रथम गुडघ्यांमध्ये चेंडू धरून दाबावा. पुढे कुशीवर होऊन, वरचा पाय सोबत्याच्या हाती देऊन अंग उचलावे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील ३५ फुटबॉल संघांच्या अभ्यासात, ज्यांना हा दुसरा व्यायाम दिला त्यांच्यात जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. धावणे आणि वळणे मात्र कळ शमत जाईल तसतसेच वाढवावे.

अंडकोशात एकाएकी तीव्र वेदना उठल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो. जांघेत फुगवटा, ताप, वा पाय टेकवेनासा होणे, हीदेखील तातडीची लक्षणे होत.

आम्ही पालकांस एवढेच विनवितो, की मुलांना हे दुखणे निःसंकोच सांगता येईल असे घर त्यांना द्यावे. बक्षिसाची ढाल पुढील वर्षीही जिंकता येते. धड शरीर मात्र वेळीच राखावे लागते.