मोबाइलचा माइक आणि दहाच्या नोटांचा हिशेब

अलिबागच्या किनाऱ्यावर तुम्ही मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करता, तेव्हा आत बहुधा सिग्मा-डेल्टा कन्व्हर्टर काम करत असतो. तो दर वेळी फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणतो. पण किती वेळा? ४८,००० गुणिले ६४, म्हणजे सेकंदाला तीस लाखांहून जास्त!

समजा, दूध रोज सात रुपयांचं आणि खिशात फक्त दहाच्या नोटा. कधी नोट द्यायची, कधी नाही. फरक वहीत पुढे ओढायचा. दहा दिवसांत सात नोटा, हिशेब चोख. फरक म्हणजे डेल्टा, वहीतली बेरीज म्हणजे सिग्मा. उरलेली खरखर कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीत ढकलली जाते आणि डिजिटल फिल्टर ती कापतो. नाजूक अ‍ॅनालॉग भाग कमी लागतात, म्हणून चिप इवलीशी. जपानच्या इनोसे आणि यासुदा यांनी १९६२ मध्येच हे मांडलं होतं.

पण दूध बारा रुपयांचं झालं तर? रोज नोट देऊनही उधारी वाढतच जाते. वारा थेट माइकवर आदळला की हेच होतं. आवाज फाटतो आणि एडिटिंगमध्ये नीट परत येत नाही.

म्हणून आजीचं कोळीगीत रेकॉर्ड करताना माइक वाऱ्याच्या आड धरा, आधी दहा सेकंद ऐकून बघा. भेटू पुढच्या भागात!