पाहण्याची सुट्टी



या व्याख्यानमालेचे चिटणीस मला निमंत्रण देण्यास आले तेव्हा त्यांनी धरूनच चालले होते की, हा मनुष्य हमालांची संघटना चालवितो, म्हणजे हा मजुरीचे दर, संप आणि वाटाघाटी यांवर बोलणार. मी म्हणालो, मला सहलीवर बोलावयाचे आहे. ते हसले. मला त्याचा राग आला नाही. कारण संघटनेच्या बैठकीत मी हा विषय प्रथम काढला तेव्हा आमचे हमालही असेच हसले होते.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि बाजाराच्या ओट्यावर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सतरा जण कारंज्यास गेलो आणि दिवसभर पायी हिंडलो. त्याची हकीकत सांगतो, आणि त्यातून निघालेली एक तक्रार आपल्यापुढे ठेवतो.

कारंजे म्हणजे आपले कारंजा लाड. येथून एस. टी.ने तासाभराची वाट. तेथे गेला नाही असा या मंडपात कोणी नसेल, पण ते गाव डोळे उघडून पाहिलेले फार थोडे असतील. माझे वडील कापसाची गाडी घेऊन वर्षानुवर्षे तेथे जात. रात्री गाडी जुंपावयाची, सकाळी जिनाच्या फाटकाशी रांग धरावयाची, माप झाले की बैलांना पाणी दाखवून परत फिरावयाचे. लहानपणी मी त्यांना विचारले, "बाबा, कारंज्यात काय आहे?" ते म्हणाले, "काटा आहे." ते खोटे बोलले नव्हते. त्यांना जे दिसले ते त्यांनी सांगितले.

या गावाला एके काळी तट होता आणि चार वेशी होत्या : पोहा वेस, मंगरूळ वेस, दारव्हा वेस आणि दिल्ली वेस. तीन नावे शेजारच्या गावांची आणि चौथे एकदम दिल्लीचे! गावाचा व्यापार कोठवर पोचला होता हे सांगण्यास आणखी पुरावा कशाला हवा? आम्ही दिल्ली वेशीपासूनच चालावयास आरंभ केला. गल्लीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला थांबवून कस्तुरीच्या हवेलीची कथा सांगितली. ती अशी की, एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावोगाव हिंडत होता. एवढा माल एकदम घेणारा त्याला कोठे भेटेना. कारंज्याच्या एका सावकाराच्या घराचे बांधकाम चालू होते. त्याने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि भिंतीच्या गाऱ्यात कालवून टाकली. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. परंतु आमच्या मंडळींनी ती इतिहासाहून बारकाईने तपासली. एक उंट किती मण उचलतो, उंट किती होते, माल उतरविण्यास माणसे किती लागली असतील, यावर त्या गल्लीत अर्धा तास वाद झाला. एक जण भिंतीचा वासही घेऊन आला. म्हणाला, "चुन्याचाच येते बाप्पा!"

१६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजे लुटले, ही गोष्ट मात्र इतिहासाची. मोगलाईतले हे वऱ्हाडातले श्रीमंत गाव. लूट चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेली, असे इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. गावच्या बड्या सावकारांना ओलीस नेले. त्यांतला सर्वांत धनाढ्य तेवढा बाईचा वेष घेऊन निसटला, कारण महाराजांचे लोक बायकांना हात लावीत नसत. हे मी वेशीपाशी उभा राहून सांगितले तेव्हा आमचा सर्वांत वयस्क हमाल डोळे मिटून काही पुटपुटत होता. मला वाटले, म्हातारा थकला. तो म्हणाला, "भाऊ, चार हजार जनावर लादाचं म्हनजे एका रातीचं काम नोहे." मी अनेक पुस्तके वाचली, पण हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

तेथून आम्ही जैन मंदिरांकडे गेलो. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरे या एका गावात आहेत. काष्ठासंघाच्या मंदिरातले लाकडी कोरीवकाम पाहताना आमच्यातला एक जण, जो पावसाळ्यात सुतारकी करतो, तो खांबापासून हलेना. या मंदिरांच्या भांडारांत हस्तलिखिते शतकानुशतके जपून ठेवली गेली. पुष्पदंत नावाचा दहाव्या शतकातला अपभ्रंश भाषेतला मोठा कवी. त्याचे 'जसहरचरिउ' प. ल. वैद्यांनी संपादित केले आणि ते १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेत छापून निघाले. आपली मराठी ज्या बोलींतून वाढली त्यांच्या जवळची ही भाषा. ज्या गावात आम्ही पोती मोजावयास जातो, त्या गावाने ती राखली. गुरुमंदिराविषयी मी अधिक सांगत नाही. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ते आपणा सर्वांस माहीत आहे, आणि कारंज्याचे तेवढे एक ठिकाण लोक खरोखर पाहतात.

दुपारी ऋषी तलावाच्या काठी भाकरी सोडल्या. करंज ऋषीची व्याधी बरी व्हावी म्हणून देवीने हा तलाव निर्माण केला अशी कथा आहे. बेंबळा नदीचा उगमही येथलाच सांगतात. जेवण झाल्यावर दोघे झोपले, चौघे पाण्यात उतरले, बाकीच्यांनी चकत्या मारण्याची पैज लावली. पन्नाशीची माणसे! संध्याकाळी सोहोळच्या माळावर गेलो. तेथे काळविटांचे अभयारण्य आहे, सुमारे १८ चौरस किलोमीटरांचे. वाट पाहून पाहून निघालो, तेव्हा दूरवर एक कळप उड्या मारीत गेला. काळवीट शेतात शिरले की आपण दगड मारतो. त्या दिवशी सतरा माणसे श्वास रोखून उभी होती.

आता तक्रार. या सहलीसाठी नावे एकतीस जणांनी दिली होती. आदल्या रात्री खताचे दोन ट्रक आले. रविवारी बाजार बंद असतो, तेव्हा ही वरकड मजुरी कोण सोडणार? चौदा जण राहिले. त्यांना मी दोष देत नाही. ज्याला पोत्यामागे पैसे मिळतात त्याच्या पंचांगात सुट्टी नसते, फक्त खाडा असतो.

कारंज्याच्या स्टेशनात आम्ही शकुंतलेचे अरुंद रूळ पाहिले. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरील या गाडीला १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ओढीत होते. वऱ्हाडचा कापूस ज्या लँकेशायरच्या गिरण्यांसाठी गेला, तेच हे मँचेस्टर. तेथले कामगार रविवारी धूर सोडून जवळच्या डोंगरमाळांवर हिंडावयास जात. परंतु जमीनदारांनी ते माळ पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने शेकडो जण किंडर स्काउटच्या माळावर मुद्दाम शिरले. पाच जणांना तुरुंगवास झाला. कशासाठी? मोकळ्यावर चालण्यासाठी! १९५१ साली त्याच भागात ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले.

फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये मोठा संप झाला आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. लिओ लाग्रांज या मंत्र्याने त्यांच्यासाठी सवलतीचे रेल्वे तिकीट काढले. त्या उन्हाळ्यात कित्येकांनी जन्मात प्रथम समुद्र पाहिला. भूमध्य समुद्राकाठची ती जुनी दगडी गावे, जेथे तोवर श्रीमंत लोक हवापालटास जात, तेथे गिरणीतली माणसे डबा घेऊन उतरू लागली. हे त्यांना कोणी दान दिले नाही. आपल्याकडेही नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडा केला तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. ही रजा फाटकाच्या आत काम करणाऱ्याला. ओट्यावर पाठ वाकविणारा त्या हिशेबात आला नाही.

कोणी म्हणेल, आमच्या लोकांना हिंडण्याची हौसच नाही. असे म्हणणाऱ्याने रामनवमीस पोहरादेवीला उभे राहावे. आपल्याच तालुक्यात सेवालाल महाराजांच्या समाधीला बंजारा समाज दूरदूरच्या राज्यांतून येतो. माळावर चुली पेटतात, उघड्यावर झोपणे, पायी चालणे, ओळखी निघणे. पिढ्यान्‌पिढ्या लदेणीचे बैल घेऊन मुलूख हिंडलेल्या या लोकांना प्रवासाची हौस आपण शिकवावयाची काय? हौस आहे. फक्त देवाच्या नावाने दिवस मोडला तर कोणी बोट दाखवीत नाही, डोळ्यांच्या नावाने मोडला तर रिकामटेकडा ठरतो. मला यात्रेविषयी आदर आहे. पण काष्ठासंघाच्या खांबापाशी उभा राहिलेला आमचा सुतार काही पाप करीत नव्हता.

म्हणून संघटनेने मागणी केली आहे : प्रत्येक हमालास वर्षातून एक दिवस सहलीसाठी, सरासरी मजुरीसह. एक दिवस, अधिक नाही. मागणी घेऊन आम्ही एका अडतदुकानी गेलो. गृहस्थ सज्जन आहेत, चहा पाजला. कागद वाचून म्हणाले, "देवाला जायचं असंल तर बघू. नुसतं पाहायला कशाला?" मी त्यांना विचारले, आपण मुलांना घेऊन काश्मीरला गेला होता ते कोणत्या देवाला? ते हसले, आणि म्हणाले, "विचार करू." अजून विचार चालू आहे.

येत्या मार्गशीर्षात आम्ही पुन्हा कारंज्यास जाणार आहोत. राहिलेल्या त्या चौदा जणांची नावे यादीत सर्वांत वर लिहिली आहेत. ज्यांना यावयाचे असेल त्या गावकऱ्यांनीही यावे; भाकरी ज्याची त्याने आणावी, ठेचा आमच्याकडे. एस. टी.च्या तिकिटाचे पैसे संघटनेने वर्गणीतून काढले आहेत. मजुरीचे अद्याप ठरलेले नाही.