साबणावरचा कर आणि मिरची निवडणारीची मजुरी

(सुलतानपूर, ता. लोणार येथे झालेल्या प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका ग्रामसंघाच्या सचिव ताईंनी केलेलं मनोगत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मला भाषण जमत नाही. गटाच्या बैठकीत जसं बोलतो तसंच बोलते. चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत भांडण झालं. विषय साधा होता. फिरत्या निधीचे पैसे उशिरा आले म्हणून एक ताई म्हणाली, ‘आपण तालुक्याला जाऊन विचारू.’ तर दुसरी म्हणाली, ‘आपण काय टॅक्स भरतो काय वं? सरकार देते ते मुकाट्यानं घ्यावं. ज्याइचा पैसा हाय त्याइनं विचारावं.’ बऱ्याच जणींनी माना हलवल्या. खरं सांगते, मीही हलवली.

घरी आले अन् मनात राहिलं. म्हणून पुढच्या बैठकीला मी सांगितलं, सगळ्यांनी घरातली बिलं आणि खाली पुडे घेऊन या. साबणाचं खोकं, तेलाची बाटली, मोबाईलच्या रिचार्जचा मेसेज, जे असेल ते. मग आम्ही हिशोब मांडला.

तुम्ही पण करून पाहा. अंगाचा साबण, डोक्याचं तेल, टूथपेस्ट यांच्यावर आधी शंभराला १८ रुपये जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ झाला. पुड्यावर जी किंमत छापलेली असते तिच्यात हा कर आधीच धरलेला असतो, म्हणून तो दिसत नाही. ५ टक्क्यांच्या वस्तूचा कर काढायचा तर किमतीला २१ नं भागायचं. १०५ रुपयांचे साबण घेतले, तर ५ रुपये कर. मोबाईलच्या रिचार्जवर मात्र १८ टक्केच आहे. २३६ रुपयांचा रिचार्ज मारला की त्यातले ३६ रुपये कर. डिझेल जीएसटीत येत नाही, पण त्याच्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट आहे. आपण काळीपिवळीनं मेहकरला गेलो, ट्रॅक्टरनं नांगरणी केली, तर तो पैसा भाड्यात आपणच देतो.

तर बायांनो, आपण टॅक्स भरतो. रोज भरतो. ‘इन्कम टॅक्स भरत नाही’ आणि ‘टॅक्स भरत नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. इन्कम टॅक्स कमाई पाहून लागतो. आता नव्या पद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या पगाराला, कमाईला तो लागत नाही, म्हणजे पुष्कळ नोकरीवाल्यांनाही लागत नाही. जीएसटी मात्र कमाई पाहत नाही. समजा एकीची महिन्याची कमाई ६ हजार आणि एका साहेबाची १ लाख. दोघांनीही २३६ चा रिचार्ज मारला, दोघांनीही ३६ रुपये कर दिला. तिच्या हजारातले ६ रुपये गेले, साहेबाच्या हजारातले ३६ पैसे. रक्कम सारखी, पण भार सारखा नाही. न्याय कशाला म्हणायचं, हे ठरवताना एवढं डोक्यात ठेवावं लागतं.

आणि बोललं तर फरक पडतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता. देशभर बाया बोलल्या. जुलै २०१८ मध्ये तो कर काढला.

आता दुसरी गोष्ट, ही आपल्या सासवांच्या काळातली. १९७२ चा दुष्काळ. माझ्या सासूबाई त्यावेळी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. सुकडीची आठवण त्या अजून काढतात. त्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला. मागेल त्याला काम, असं तिचं म्हणणं. पण कामाला पैसा लागतो. तो कुठून आणायचा? तर १९७५ मध्ये महाराष्ट्रानं व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांनी हा कर द्यायचा, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्याकडून घालायची. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून जे कापलं जायचं, त्यातून आपल्याकडच्या बाया पाझर तलाव आणि नालाबंडिंग करत होत्या. नंतर २००५ मध्ये केंद्रानं अख्ख्या देशासाठी कायदा केला, पण सुरुवात आपल्या राज्यातली.

हे मी अभिमानासाठी सांगत नाही. कर म्हणजे दान नाही, एवढ्यासाठी सांगते. कारकुनानं पैसे दिले, माझ्या सासूनं घाम दिला, आणि त्यातून झालेल्या रस्त्यावरून व्यापाऱ्याचा माल गेला. कोणी कोणावर उपकार केला?

आता त्या व्यवसाय करातही सगळं बरोबर आहे असं नाही. पुरुषाचा पगार महिन्याला १० हजारांच्या वर गेला की वर्षाला २,५०० रुपये कर. पगार पाच लाख असला तरी वर्षाला २,५०० च. राज्यघटनेनंच तेवढी मर्यादा घातलेली आहे. बायांसाठी एक चांगलं झालं. १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला हा कर नाही. ज्यांच्या लेकी कंपनीत किंवा दवाखान्यात कामाला आहेत, त्यांनी पगाराची चिठ्ठी पाहा. पगार २५ हजारांच्या आत असून कापत असतील तर विचारा.

आता आपल्या धंद्याकडे येते, कारण खरा झटका मला तिथंच बसला.

आमचा गट उन्हाळ्यात मिरची-हळदीची पूड करतो आणि पापड करतो. वर्षाची उलाढाल सहा लाखांच्या आसपास. एका माणसानं येऊन भीती घातली, ‘जीएसटी नंबर काढा, नाही तर धंदा बंद पडेल.’ आम्ही पैसे देऊन नंबर काढला. मग पावसाळा लागला, कांडप बंद, विक्री शून्य. आम्हाला वाटलं, विक्री नाही तर भरायचं काय? पण नंबर असला की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं. उशीर झाला तर शून्याच्या विवरणपत्रालाही रोजचे २० रुपये, एका विवरणपत्राला ५०० पर्यंत. बचतीतून दंड भरला. नंतर नीट चौकशी केली, तेव्हा कळलं ते असं:

एक, आपल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. शिवणकाम, पार्लर अशा सेवेला ही मर्यादा २० लाख.

दोन, पापडावर जीएसटी नाही. मिरची-हळदीच्या पुडीवर ५ टक्के आहे, पण तो नोंदणी असलेल्यानं लावायचा.

तीन, माल राज्याबाहेर विकायचा असेल तर मात्र उलाढाल थोडी असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या वस्तूंना यात सूट आहे. मोबाईलवरच्या ॲपवर विकायचं असेल, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात नोंदणीशिवाय विकता येतं. त्यासाठी पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा.

चार, नंबर नको असेल तर तो अर्ज करून रद्द करता येतो. रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत शेवटचं विवरणपत्र भरायचं. आम्ही तेच केलं.

पण नंबर कधीच काढू नका, असं मी म्हणत नाही. मोठा दुकानदार जीएसटीचं बिल मागतो, कारण आपल्याला दिलेला कर त्याला पुढे वजा करता येतो. आपल्याकडे नंबर नसेल तर पिशव्यांवर, मशीनवर आपण भरलेला कर आपल्याला परत मिळत नाही, तो आपल्याच खर्चात बसतो. म्हणून धंदा वाढला तर कागद-पेन घेऊन दोन्ही बाजू मांडा आणि मग ठरवा. भीतीनं ठरवू नका.

आता शेवटचं. हे बोलायला मला जरा जड जाते.

कांडपाच्या हंगामात आमच्याकडे चाळीस दिवस काम चालतं. उन्हामुळे सकाळी सात ते बारा. मशीनवर एक माणूस, त्याला ४०० रुपये. मिरची निवडायला, देठ काढायला तीन बाया, त्यांना प्रत्येकी २५०. लग्नसराईत तो माणूस वीस दिवस आलाच नाही. त्यातली एक ताई मशीनवर उभी राहिली. तोंडाला पदर बांधून वीस दिवस पूड काढली. आम्ही तिला २५० च दिले. कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

ज्या दिवशी मी बैठकीत हा रिचार्जचा हिशोब मोठ्या थाटात सांगत होते, त्या दिवशी ती मागं बसली होती. ती गटाची सभासद नाही, मजुरीला येते. ती उठली आणि म्हणाली, ‘ताई, सरकार गरिबावर जास्त ओझं टाकते म्हन्ता, बराबर हाय. मंग मशीनवर तो उभा राह्यला त चारशे अन् मी उभी राह्यली त अडीचशे, हे काहून?’

सगळी बैठक गप्प झाली. माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

समान कामाला समान मजुरी द्यायची, हा कायदा १९७६ मध्येच झाला होता. आपण तो सरकारी कामासाठी, शेतमालकासाठी आहे असं समजतो. पण जिनं एक जरी बाई कामाला ठेवली ती मालकीण झाली, अन् मालकिणीला कायदा लागू आहे.

तरी तीन बैठका भांडणात गेल्या. कोणी म्हणालं, ‘आपलाच धंदा लहान, आपण कुठून द्यायचे?’ कोणी म्हणालं, ‘ती आपल्यातलीच आहे, समजून घेईल.’ शेवटी कोषाध्यक्ष ताईंनी हिशोब मांडला. मशीनच्या वीस दिवसांचा फरक, रोजचे १५० प्रमाणे ३,००० रुपये. निवडायचा दर सगळ्यांना ३०० केला, तर शंभर रोजांचे ५० प्रमाणे ५,०००. झाले ८,०००. हंगामात पूड निघाली १,६०० किलो. म्हणजे किलोमागे ५ रुपये. आमची पूड ३०० रुपये किलोनं जाते. तिच्यावर ५ टक्के जीएसटी लावला असता तर १५ रुपये झाले असते. त्या १५ रुपयांच्या भीतीनं आम्ही एजंटाला पैसे दिले, आणि तिच्या कष्टाचे ५ रुपये आम्हाला जड वाटत होते.

ठराव झाला. मशीनवर जो उभा राहील त्याला किंवा तिला ४००. निवडायला ३००, बाई असो की माणूस. मागचे ३,००० आणि ५,००० दोन हप्त्यांत दिले. कामाला कोणाला घ्यायचं हे ग्रामसंघाच्या बैठकीत सांगून ठरवायचं, आपापल्या जावा-नणंदा परस्पर लावायच्या नाहीत. हजेरी आणि मजुरी वहीत, सहीसह. किमान वेतनाचा दर सरकार वेळोवेळी बदलतं. तो दर वर्षातून दोनदा कामगार कार्यालयातून आणून वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा आणि त्याखाली जायचं नाही.

सगळं गोड झालं असं नाही. पुडीचा भाव ५ रुपयांनी वाढवला, तर एक जुनं गिऱ्हाईक तुटलं. दोन सभासद अजून नाराज आहेत. आणि तो मशीनवाला भाऊ म्हणतो, ‘बायकांएवढीच मजुरी असेल तर मी येत नाही.’ त्याला आम्ही सांगितलं, तुझी मजुरी एक रुपयानं कमी झाली नाही, तिची वाढली. यंदा तो येतो का नाही, पाहू. नाही आला तर मशीन चालवणारी आता आमच्याकडे आहे.

आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नियमित लेखे. आजपर्यंत मला वाटायचं ते बँकेसाठी आहे. आता वाटते, तीच वही घेऊन आपण तालुक्याला जाऊन विचारू शकतो, ‘आमच्या पैशाचं काय झालं?’ आणि तीच वही उघडून आपल्याकडे कामाला येणारीही आपल्याला विचारू शकते. दोन्हीकडे माप एकच ठेवा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढं करा. एक बिल आणा आणि त्यातला कर काढा. आणि ज्या गटाकडे कोणी मजुरीला येते, त्यांनी मजुरीची वही सगळ्यांसमोर वाचा. वाचताना मान खाली गेली तर जाऊ द्या. आमची पण गेली होती.