हिमावरच्या फळ्या आणि त्यांची निवड

हिमाच्छादित पर्वताचें चित्र पाहणारास सर्व हिम सारखेंच वाटतें: शुभ्र, मृदु आणि निश्चल. परंतु ज्याला त्यावरून घसरत खालीं उतरावयाचें आहे, त्याच्या दृष्टीनें हिमाच्या दोन जाती इतक्या भिन्न आहेत कीं, एकीवर तारणारें साधन दुसरीवर मारक ठरूं शकतें. स्कीच्या, म्हणजे पायांस बांधावयाच्या लांब फळ्यांच्या, निवडीचा सारा प्रश्न या भेदांतून उत्पन्न होतो. महाराष्ट्रांतूनहि हिवाळ्यांत काश्मीरांतील गुलमर्ग किंवा उत्तराखंडांतील औली येथें जाणारे प्रवासी पुष्कळ आहेत. तेथें भाड्यानें फळ्या देणाऱ्या दुकानदारापुढें उभें राहिल्यावर कोणती जोडी मागावी, हें बहुतेकांस ठाऊक नसतें. म्हणून या विषयाचा मुळापासून थोडा विचार करणें उपयुक्त होईल.

नुकतेंच पडलेलें कोरडें हिम म्हणजे बव्हंशीं हवाच होय. एक घनमीटर पाण्याचें वजन १००० किलोग्रॅम असतें. तितक्याच जागेंतील ताज्या, भुसभुशीत हिमाचें वजन सामान्यतः ५० ते १०० किलोग्रॅम भरतें. यालाच त्या खेळांतील लोक ‘पावडर’ म्हणतात. हेंच हिम यंत्रानें दाबून व रात्रीच्या थंडीनें आवळून घट्ट झालें म्हणजे त्याचें वजन ४०० किलोग्रॅमांच्याहि वर जातें. पहिलें पिठाच्या राशीसारखें, तर दुसरें पाट्यासारखें. पिठांत बोट बुडतें, पाट्यावर तें निसटतें. अर्थात् एका ठिकाणीं न बुडण्याची चिंता, दुसऱ्या ठिकाणीं न निसटण्याची.

प्रथम न बुडण्याचा विचार करूं. चिखलांत पाय रुततो. पण तेथेंच एक फळी टाकली तर माणूस तिच्यावर सुखानें उभा राहतो, हें कोंकणांतल्या कोणाहि शेतकऱ्यास सांगावयास नको. वजन तेंच, तें अधिक जागेवर पसरलें, इतकेंच. माणसाच्या दोन्ही तळव्यांचें क्षेत्रफळ ढोबळ मानानें ६०० चौरस सेंटिमीटर धरूं. १७० सेंटिमीटर लांब व सरासरी ९ सेंटिमीटर रुंद अशा दोन फळ्यांचें क्षेत्रफळ ३०६० चौरस सेंटिमीटर होतें, म्हणजे पांचपट. फळ्या १८५ सेंटिमीटर लांब व सरासरी १३ सेंटिमीटर रुंद घेतल्या तर तें ४८१० वर, म्हणजे आठपटीवर जातें. भुसभुशीत हिमासाठीं लांब व रुंद फळ्या कां घ्याव्या, याचें उत्तर या साध्या गुणाकारांत आहे.

केवळ रुंदीनें मात्र काम भागत नाहीं. आकारहि तसाच लागतो. जुन्या पद्धतीची फळी जमिनीवर ठेविली असतां तिचा मध्य किंचित् उचललेला असतो व दोन्ही टोंकें टेंकलेलीं असतात. अशा फळीचें टोंक खोल हिमांत नांगराच्या फाळासारखें खालीं शिरूं पाहतें. यावर उपाय म्हणून टोंकें होडीच्या नाळेप्रमाणें दूरवरून वर उचलण्याची युक्ति निघाली. शेन मॅकॉन्की या स्कीपटूनें पाण्यावर घसरण्याच्या फळ्या हिमावर वापरून पाहिल्या, आणि त्या विचारांतून २००२ सालीं ‘स्पॅच्युला’ नांवाची फळी बाजारांत आली. तिचा वांक नेहमीच्या उलट, व ती कमरेशीं निमुळती नसून उलट रुंद होती. आज खोल हिमासाठीं बनणाऱ्या बहुतेक फळ्यांत उचललेल्या टोंकांची ही कल्पना कमीअधिक प्रमाणांत उतरलेली दिसते.

आतां कठीण हिमाकडे वळूं. तेथें फळी बुडण्याचा प्रश्न नाहीं. तिला पकड हवी. नॉर्वेंतील तेलेमार्क प्रांताचा सोंद्रे नोर्हाइम हा १८६८ सालीं क्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ओस्लो, येथील स्पर्धेंत चमकला. कमरेशीं निमुळत्या फळ्यांचा प्रसार त्याच्या नांवाशीं निगडित आहे. अशी फळी कुशीवर कलती केली म्हणजे तिची वक्र कड हिमांत वर्तुळाचा तुकडा कोरीत जाते व वळण आपोआप घडतें. तथापि लांकडाची कड कठीण हिमावर लवकर बोथट होते. ही अडचण ऑस्ट्रियांतील साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेट्नरनें दूर केली. त्यानें कडेस पोलादी पट्ट्या स्क्रूंनीं बसविल्या, आणि १९२६ सालीं त्या शोधाचा हक्क नोंदविला. पोलादी कडेनें दाबलेल्या हिमावरचें वेगवान् उतरणें सर्वसामान्यांच्या आटोक्यांत आलें. पुढें १९९३ सालीं स्लोव्हेनियांतील एलान कारखान्यानें कमरेशीं विशेष निमुळती फळी काढली, व थोड्याच वर्षांत तोच नमुना सर्वत्र रूढ झाला.

कठीण हिमावर अरुंद फळीच कां बरी, याचें कारण तराजूच्या दांडीसारखें आहे. पाऊल फळीच्या मध्यावर असतें. फळी जितकी रुंद, तितकी तिची कड पावलापासून दूर. मऊ हिमांत फळी सर्व बाजूंनीं तोललेली असल्यामुळें हें अंतर जाणवत नाहीं. परंतु कठीण पृष्ठावर सारा भार त्या कडेवर येतो, आणि तेवढ्या लांबीच्या तरफेनें घोटा व गुडघा पिळला जातो. शिवाय एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर फळी पालटण्यास वेळहि अधिक लागतो.

यावरून स्थूल मानानें असे तीन वर्ग पडतात. कमरेची रुंदी ६५ ते ८० मिलिमीटर असलेली फळी दाबलेल्या वाटेसाठीं. सुमारें ८५ ते १०० मिलिमीटरची फळी दोन्ही प्रकारच्या हिमांवर चालेल अशी मध्यम. आणि १०५ मिलिमीटरांच्या पुढची खोल हिमासाठीं. ज्याला एकच जोडी घेणें शक्य आहे, त्यानें आपले दिवस कोणत्या हिमावर जाणार हें प्रामाणिकपणें मोजावें. वर्षांतून एखादा दिवस मिळणाऱ्या खोल हिमाच्या मोहानें बाकीचे सर्व दिवस रुंद फळ्यांशीं झुंजणें शहाणपणाचें नाहीं.

स्नोबोर्डाचा जन्म मात्र मुलांच्या खेळांत झाला. अमेरिकेंत मिशिगन राज्यांतील शेर्मन पॉपेन या गृहस्थानें १९६५ च्या नाताळांत आपल्या मुलींसाठीं दोन फळ्या एकत्र जोडल्या. त्या खेळण्यापासून वाढत गेलेला हा प्रकार १९९८ सालीं जपानांत नागानो येथें हिवाळी ऑलिंपिकमध्यें दाखल झाला. दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधलेले असल्यामुळें भुसभुशीत हिमावर स्नोबोर्ड सहज तरंगतो. त्यासाठीं पुढचें टोंक रुंद, मागचें आखूड आणि पावलांची जागा किंचित् मागें, अशी रचना असते. कठीण हिमावर मात्र एकच कड आधार देते. तेथें ताठ बांध्याचा, तीक्ष्ण कडेचा बोर्ड लागतो. नवशिक्याचा तोल तेथें जाऊन तो हातावर पडतो व मनगट दुखावतें. म्हणून मनगटरक्षक बांधणें इष्ट होय.

गुलमर्गसारख्या एकाच ठिकाणीं हीं दोन्ही हिमें भेटतात. गांवाजवळचे सौम्य उतार सुमारें २६५० मीटर उंचीवर आहेत. तेथें शिकणारांच्या पायांखालीं हिम दाबलें जातें. २००५ सालीं सुरू झालेला पाळण्याचा दुसरा टप्पा अफरवट पर्वतावर ३९०० मीटरांच्याहि वर नेतो, आणि तेथें खोल, अस्पृष्ट हिमाचे विस्तीर्ण उतार पसरलेले आहेत. प्रथमच जाणारानें खालच्या उतारासाठीं छातीपासून हनुवटीपर्यंत पोंचणारी आखूड, लवचिक व फारशी रुंद नसलेली जोडी मागावी. दुकानांत रुंद, रंगीत फळ्यांकडे दृष्टि जाते. पण त्या नवशिक्यास साह्य न करतां त्याच्याशीं भांडतात.

फळीहूनहि अधिक महत्त्वाची वस्तु म्हणजे बूट फळीस धरून ठेवणारा बांध. पूर्वीं हा बांध पडतांना सुटत नसे, आणि फळी पिळली कीं पाय मोडे. १९३७ सालीं अमेरिकेंतील ऑरेगन राज्यांत याल्मार व्हाम या स्कीपटूचा पाय असाच मोडला. त्या दुखण्यांतच त्याला ठराविक जोर पडतांच सुटणाऱ्या बांधाची कल्पना सुचली. आजच्या बांधावर हा जोर आंकड्यानें ठरवितात. त्यासाठीं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य हीं विचारतात. पन्नाशी गांठलेल्या माणसासाठीं आंकडा कमी करावा लागतो. येथें पुष्कळांचा अभिमान आड येतो. वय चोरणें किंवा कौशल्य फुगवून सांगणें म्हणजे बांध अधिक घट्ट करून घेणें, आणि त्याची किंमत हाडांना द्यावी लागते. दुकानदारास फसवितां येतें. बांधास फसवितां येत नाहीं.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे. रुंद फळी खोल हिमावर माणसास तरंगवते, पण त्या हिमास ती बांधून ठेवीत नाहीं. सुमारें ३० ते ४५ अंशांचे उतार घसरण्यास जितके मोहक, तितकेच हिमलोटास अनुकूल असतात. फेब्रुवारी २०२३ मध्यें अफरवटच्या उतारावर हिमलोट कोसळून पोलंडमधील दोन स्कीपटू मृत्यु पावले. म्हणून वरच्या उतारावर जाणारानें त्या दिवसाची सूचना वाचावी, जाणता वाटाड्या घ्यावा, आणि शोधयंत्र, फांवडें व हिमांत खुपसून पाहण्याची काठी यांवांचून पाऊल टाकूं नये. हीं साधनें सोबत्याजवळहि असलीं पाहिजेत, कारण गाडला गेलेला मनुष्य स्वतःस उकरून काढूं शकत नाहीं.

तात्पर्य, फळीची निवड करतांना तीन प्रश्नांचीं उत्तरें हवींत: हिम कोणतें, शरीर कसें, आणि कौशल्य किती. पहिल्याचें उत्तर पर्वत देतो व दुसऱ्याचें वजनकांटा देतो. तिसऱ्याचें उत्तर ज्याचें त्यालाच द्यावें लागतें, आणि तें जितकें खरें असेल तितका उतार सुखाचा होतो.