लोकायुक्त आणि आपण

लोकायुक्त हे पद प्रत्यक्षात आणणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. कायदा १९७१ चा. पण त्यात लोकायुक्तांनी चौकशी करायची, शिफारस करायची, पुढचं सगळं सरकारच्या मर्जीवर! मुख्यमंत्री तर कक्षेबाहेरच. म्हणून नवे विधेयक आले. विधानसभेने २८ डिसेंबर २०२२ रोजी ते चर्चेविनाच मंजूर केले. त्यात मुख्यमंत्री आले खरे; मात्र त्यांच्या चौकशीला सभागृहाच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती हवी. आता सांगा, बहुमत ज्यांचे, त्यांच्याविरुद्ध एवढे हात वर होतील कसे? दाखल्यासाठी चिरीमिरी घेणाऱ्या तलाठ्याला सापळ्यात पकडताना कोणाची मतं मोजावी लागत नाहीत. मग साहेबांसाठीच का? मतं मागायला आमदार वस्तीत येतील, तेव्हा आपण सर्वांनी त्यांना हेच विचारायचं.