शेक घेताना तोंड सांभाळा
(पुण्यातील मासिक बैठकीत झालेले भाषण)



आज हिशेबाच्या वह्या जरा बाजूला ठेवू. तोंडाचा, घशाचा कॅन्सर झाला की भोर-मुळशीकडची माणसं पुण्यात ‘शेक’ घ्यायला येतात. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणतात. बहुतेकांना सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस यावं लागतं. पहिले दहा-बारा दिवस बरे जातात. मग तोंड सोलवटतं, फोड येतात, पाण्याचा घोटही झोंबतो. माणूस म्हणतो, “बास झालं, घरी चला.” इथंच घात होतो. मध्येच खाडे पडले की कॅन्सरला वाढायला सवड मिळते.

फोड अजिबात येणार नाहीत, असं मी म्हणत नाही. पण त्रास कमी करता येतो. त्याची तयारी पहिल्या शेकाच्या आधीच करायची.

आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. किडका दात काढायचा असेल तर शेक सुरू होण्याआधी जखम भरायला दोनेक आठवडे लागतात. शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही.

तंबाखू, दारू बंद. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण मिश्री आपण घरच्याच तव्यावर भाजतो. तीही तंबाखूच, बायांनो!

दात मऊ ब्रशनं घासा. कवळी रात्री काढून ठेवा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा घाला. दर दोन-तीन तासांनी चुळा भरा, पाणी गिळू नका. रोज ताजं करा. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. डॉक्टरांनी औषधी चूळ दिली तर ती सांगितल्याप्रमाणे वापरा.

ठेचा, लोणचं, लिंबू, कडक भाकरी, कढत चहा काही दिवस विसरा. मऊ खिचडी, वरण-भात, नाचणीची पेज, अंडं, दुधात कुस्करलेली पोळी द्या. दर आठवड्याला वजन करा. वजन उतरलं की शेकाच्या वेळी चेहऱ्यावर लावतात तो मुखवटा सैल होतो आणि किरणांचा नेम चुकू शकतो.

फोडांवर तुरटी, लवंगेचं तेल लावू नका. तोंडात पांढरा थर आला, ताप आला, गिळता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. दुखणं कमी करायची औषधं असतात. सोसत बसण्यात शहाणपण नाही.

पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा. एसटीच्या भाड्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज देता येईल. घरच्या माणसाला रानातलं काम असेल, तर आपल्यातली एक जण पाळीनं सोबत येईल.

हप्ता चुकू नये म्हणून आपण एकमेकींच्या दारात जातो ना? तसंच शेकाचा एकही दिवस चुकू नये म्हणून जाऊ. शेवटच्या शेकानंतर काही आठवड्यांत फोड भरून येतात. तेवढे दिवस त्या घराला धीर देऊ या.