बालमृत्यूंचा हिशेब मांडणारे डॉक्टर
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त आरोग्य या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. मी वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर. सारा जन्म कापडाच्या पेढीवर, मीटर आणि खातेवही सांभाळण्यात गेला. म्हणून ज्यांच्या संशोधनाचा पायाच हिशेब आहे, अशा डॉ. अभय बंग यांच्याविषयी बोलतो.

आपल्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे नाव 1992 मध्ये साऱ्या महाराष्ट्राला कळले, ते दुर्दैवाने बालमृत्यूंमुळे. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. शंभराहून अधिक बालके दगावल्याच्या बातम्या आल्या. आपण सर्वांनी त्यांना कुपोषणाचे बळी म्हटले. ते खोटे नव्हते, परंतु अपुरे होते. अन्नावाचून खंगलेले मूल बहुधा न्यूमोनिया, अतिसार, गोवर किंवा मलेरिया यांसारख्या संसर्गाने जाते. भुकेने अंगातील प्रतिकारशक्ती संपलेली असते. शेवटचा घाव रोगाचा असतो.

वांगणीची वार्ता येण्यापूर्वीच दूर गडचिरोलीत या रोगांवर काम सुरू झाले होते. वर्ध्याच्या गांधीवादी वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि 1986 मध्ये त्यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. त्यांनी प्रथम गावोगावी जन्म-मृत्यूंची नोंद केली. 1988 मध्ये तेथे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 121 बालके वर्षाच्या आत मरत होती आणि त्यांतील मोठा वाटा न्यूमोनियाचा होता.

रुग्णालय दूर, डॉक्टर दुर्मीळ. मग उपचार करणार कोण? बंग दांपत्याने गावातील आरोग्यदूत व सुईणी यांनाच शिकविले. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो, यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. परंतु ज्या सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते, त्यांचे काय? त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे उपकरण तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर औषध सुरू करावयाचे. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार केलेल्या 612 न्यूमोनिया रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण 0.8 टक्के होते. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते 13.5 टक्के होते.

पुढे त्यांनी नवजात बाळांकडे लक्ष वळविले. 39 गावांत प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन बाळाची काळजी घेत आणि जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला, असे 1999 मध्ये त्यांनी जगापुढे मांडले. 2011 मध्ये भारत सरकारने घरोघरी नवजात बालसेवेचे काम ‘आशा’ कार्यकर्तींवर सोपविले, त्यामागे हा अनुभव होता.

2001 मधील ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने तर आपलेच कान टोचले. अनेक स्वयंसेवी संस्थांनी गावोगावी मोजलेले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक निघाले. जे मूल वहीत नाही, त्याच्यासाठी औषधही निघत नाही. व्यापाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. खात्यावर न चढलेले देणे कोणी फेडत नाही.

बंधू-भगिनींनो, आपण पाड्यांवर धान्य आणि कपडे वाटतो. त्याची पावती असते, छायाचित्रही असते. परंतु त्या पाड्यावर गेल्या वर्षी किती बाळे जन्मली आणि किती जगली, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? मी स्वतःलाच विचारले आणि मान खाली घातली.

माझी नम्र सूचना एवढीच. यापुढे मदत नेताना प्रथम तेथील आशाताईंस भेटावे. कोणते बाळ अशक्त आहे, कोणास दवाखान्यात नेण्यास वाहन हवे, हे त्यांस विचारावे आणि आपल्या वहीत लिहून ठेवावे. जीवदयेचा आरंभ जीव मोजण्यापासून व्हावा. पुढील पन्नास वर्षांच्या जमाखर्चात वाचलेल्या बाळांचेही एक खाते असावे, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.